न खायचा खाऊ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तेरखेड्याचं नाव घेतलं की लोकांना फटाके आठवतात. ते बरोबरच आहे. वाशी तालुक्यातल्या आमच्या या गावाची ओळखच ती. मी मात्र आज बोलणार आहे ती मातीच्या खाऊबद्दल. केक, पेढे, जिलब्या, करंज्या. सगळं मातीचं आणि सगळं नखावर मावेल एवढं.

‘खाता येत नाही, तर करता कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. जपानमध्ये ताकिझो इवासाकी या गृहस्थांनी १९३२ साली मेणाचे हुबेहूब पदार्थ करून हॉटेलांना पुरवायचा धंदाच काढला, असं मी सांगते. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. पोळ्याचे मातीचे बैल, पोरींची भातुकली, हे काय दुसरं आहे? गोरोबाकाकांचं तेर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत, त्या एकदा जरूर पाहा. आणि नवरात्रातला फुलोरा आठवा. पिठाची वेणी, फणी, करंडा करून तळायचं आणि कडाकण्यांबरोबर घटावर टांगायचं. तिथं पिठातून वस्तू घडते, मी मातीतून पदार्थ घडवते. फरक एवढाच.

माती म्हणते खरी, पण कुंभाराची माती एवढ्या बारीक कामाला चालत नाही. वाळताना तडकते. म्हणून माती घरीच शिजवायची. एक वाटी पांढरा फेव्हिकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे तेल आणि बुरशी येऊ नये म्हणून दोन चमचे व्हिनेगर. मंद आचेवर ढवळत राहायचं. उकडीसारखा गोळा जमला की उतरवून, कोमट असताना तेलाच्या हातानं मळायचा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. भांडं आणि डाव मात्र वेगळे ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. रंग हवा त्याहून थोडा फिका घालायचा, कारण वाळल्यावर तो गडद होतो.

मापाचं एक गणित आहे. बाहुलीघराच्या वस्तू बहुधा एका फुटाला एक इंच या मापानं करतात. म्हणजे आठ इंचांची भाकरी रुपयाच्या नाण्याहून लहान होते. दीड इंचाचा पेढा ज्वारीच्या दाण्याएवढा. बाजरीच्या भाकरीवर खरा तीळ चिकटवला तर तो बदामाहून मोठा दिसतो! तिथं सुईच्या टोकानं पांढरे ठिपकेच द्यावे लागतात.

केक त्या मानानं सोपा. कापलेल्या बाजूवर जुन्या टूथब्रशचे केस दाबले की स्पंजची जाळी उमटते. मातीच्या तुकड्यात जास्तीचा फेव्हिकॉल कालवून मेंदीच्या कोनात भरला की झालं क्रीम. खरी परीक्षा पुरणपोळीची. तिचे डाग एका रंगाचे नसतात. मध्ये फिके, फुगवट्यावर तांबूस, कडेला कुठंतरी करपलेला ठिपका. तीस वर्षं पोळ्या भाजल्या, पण डाग कुठं पडतात हे मी नीट पाहिलं ते माती हातात घेतल्यावर.

एक सांगायलाच हवं. महालक्ष्म्यांच्या आराशीत हा खाऊ मांडला की पोरं धावत येतात. ज्वारीएवढा पेढा दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात कधी गेला, कळतही नाही. आराशीत मांडायचा तर काचेच्या झाकणाखालीच मांडा.

आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे हात आता कापतात, पुरी लाटली तरी वाकडी होते. त्यामुळे आमच्या घरातली वेणी-फणी दोन-तीन वर्षं बंदच होती. आम्ही सुना आपल्या कडाकण्या तळून मोकळ्या. मी मातीची वेणी करायला बसले, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. ‘पेड इतका सैल नको, तेलात सुटतो,’ म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, ही तळायची नाही. ‘तळायची नसली म्हणून काय झालं, वेणीसारखी वेणी घाल.’ तीनदा मोडायला लावली. मग फणीचे दाते, करंड्याच्या झाकणाची मुरड, सगळं त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी करत गेले. तो संच मी काचेच्या डबीत ठेवला आहे. गेल्या नवरात्रात धाकट्या जावेनं ती डबी ओट्यावर ठेवली, तीत बघून बघून पिठाची वेणी घातली. तळली, तरी पेड सुटला नाही.

माझी लेक मात्र अजून कपकेकच मागते. तोही करून देते. वरची चेरी मोहरीच्या दाण्याएवढी होते, ती चिमट्यानं बसवावी लागते.