पाटी आपली, चावीही आपलीच



आम्ही भंडारदऱ्याच्या धरणाकाठच्या गावातल्या बचत गटाच्या दहा जणी. पर्यटकांना घरगुती जेवण करून देणं हा आमचा धंदा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात. आदल्या दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी ताट तयार. पण आज स्वयंपाकाचं नाही सांगणार. गूगलवरून आमचा पत्ता कसा हरवला आणि तो परत कसा मिळवला, ते सांगायचं आहे.

आमची कमाई दोन हंगामांची. मे संपता संपता काजवे, आणि मग पावसातले धबधबे. गेल्या वर्षी काजव्यांच्या दिवसांत एक गाडी दारात थांबली, पाणी मागायला. गाडीतली ताई म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवण देता? आम्ही तासभर मोबाइलवर शोधतोय. तुमचं नाव एकदा दिसलं, पण त्या नंबरवर फोनच लागत नाही."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण दिसण्यासाठीच तर गटाच्या खात्यातून बारा हजार रुपये गेले होते.

झालं होतं असं. गटातल्या एका ताईच्या मुलीने आधी गूगलवर आमच्या धंद्याची नोंद करून दिली होती. तिच्यासोबत एक साधी वेबसाइटही फुकट मिळाली होती. तसल्या सगळ्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. मग एक जण भेटला. म्हणाला, "नवीन वेबसाइट करतो, वर गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. फक्त नोंदीचं मालकपण माझ्या ईमेलवर द्या." आम्ही दिलं. पुढे तो फोन उचलेना. नोंदीवर त्याने टाकलेला नंबर बंद, आणि तो बदलायचा अधिकार आमच्याकडे नाही. आमच्याच दाराची चावी दुसऱ्याच्या खिशात!

बैठकीत भांडण झालं. "बारा हजारांत दोन मोठी पातेली आली असती," असं काही जणी म्हणाल्या, ते खोटं नव्हतं. वेबसाइटच नको, इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी ठरलं, की आता एक पैसा खर्चायचा नाही, आधी समजून घ्यायचं.

पहिलं काम चावीचं. गटाच्या नावाने नवा ईमेल काढला आणि गूगलकडे नोंदीची मालकी मागितली. अशी मागणी केली की आधीच्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवसांची मुदत मिळते. त्याने उत्तर दिलं नाही. मग आमच्याकडून व्हिडिओ मागितला. आम्ही रस्ता, दारावरची पाटी, चूल, भांडी, सगळं एका दमात मोबाइलवर दाखवलं. गावात रेंज नाही, म्हणून व्हिडिओ पाठवायला टेकाडावर चढलो. नोंद आमची झाली. या सगळ्याला गूगलने एक रुपया घेतला नाही. आता आमचा नियम आहे, की पदाधिकारी बदलले की बँकेच्या सह्या बदलतात, तसाच ईमेलचा पासवर्डही त्याच बैठकीत नव्या सचिवाकडे जातो.

दुसरं काम शब्दांचं. वेबसाइट उघडून नीट वाचली. वर लिहिलेलं, "अस्सल ग्रामीण चवीचा अविस्मरणीय अनुभव". सांगा बरं, भूक लागलेला माणूस मोबाइलवर असं टाकतो का? आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं, "तुम्ही काय टाकून शोधता?" उत्तरं आली, "भंडारदरा घरगुती जेवण", "धरणाजवळ जेवण", "काजवे बघायला गेल्यावर जेवायची सोय". आणि आमच्या पानावर भंडारदरा हा शब्द कुठेच नव्हता! पदार्थांची यादी आणि फोन नंबर एका मोठ्या रंगीत चित्रात घातलेले. चित्र माणसाला वाचता येतं, पण शोधणाऱ्या यंत्राला साध्या अक्षरांत लिहिलेलंच नीट कळतं.

त्याच मुलीला बसवून पान नव्याने लिहून घेतलं. पानाच्या नावातच गाव आणि काम, "भंडारदरा येथे घरगुती जेवण". खाली पदार्थ, ताटाचा दर, किती माणसांचं करतो, किती आधी कळवायचं, धरणापासून कसं यायचं. हेच मजकूर इंग्रजीतही, कारण मुंबई-पुण्याची बरीच मंडळी तसं शोधतात. फोटो हलके केले, म्हणजे कमी रेंजमध्येही पान उघडतं. फोन नंबर वेबसाइटवर, नोंदीवर आणि दारावरच्या पाटीवर एकच.

एक मोह मात्र टाळला. कोणी म्हणालं, नोंदीतल्या नावापुढे "सर्वात स्वस्त, सर्वात चांगलं जेवण" असं जोडा. गूगलला ते चालत नाही. पाटीवर जे नाव, तेच नोंदीवर.

मैत्रिणींनो, नकाशावरच्या यादीत कोण वर येतं, ते गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं. शोधणाऱ्याला हवं तेच तुम्ही देता का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि लोकांत तुमचं नाव किती आहे. पैसे भरून या यादीत वर जाता येत नाही. जाहिरात वेगळी असते आणि ती जाहिरात आहे असं तिच्यावर लिहिलेलं असतं. म्हणून "पहिला नंबर देतो" असं छातीठोक सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

नावलौकिकाचं काम आमच्या हातचं. जेवून उठलेल्यांना आम्ही म्हणतो, "आवडलं असेल तर दोन ओळी लिहा, नसेल तरी लिहा." त्याबदल्यात फुकट काही देत नाही, आणि घरच्यांकडून खोटं कौतुकही लिहून घेत नाही. दोन्ही नियमाबाहेर आहे. एकाने लिहिलं, "भाकरी उशिरा आली." आमच्या एका ताईला फार लागलं. पण आम्ही उत्तर दिलं, "त्या दिवशी माणसं जास्त आली, चूक आमची. आता दुसरी चूल मांडली आहे." खरोखरच मांडली होती. पुढे एक कुटुंब आलं, ते म्हणालं, तुमचं ते उत्तर वाचूनच आलो.

आम्ही पहिल्या नंबरला आलो का? नाही. मोठी हॉटेलं वरच आहेत. पण जवळपास असलेल्याने घरगुती जेवण शोधलं, की आम्ही दिसतो, आणि फोन लागतो. येणाऱ्या प्रत्येकाला "कुठून कळलं?" हे विचारून वहीत लिहितो. यंदा काजव्यांच्या हंगामात वहीत "मोबाइलवर" असं नऊ वेळा लिहिलं गेलं. त्यातून बारा हजार अजून भरून निघालेले नाहीत. पण वेबसाइट बंद करा, असं आता कोणी म्हणत नाही.

तुमचा धंदा शिवणाचा असो, गिरणीचा असो की डब्यांचा, आज घरी गेल्यावर एवढंच करा. शेजारणीच्या मोबाइलवर आपलं गाव आणि आपलं काम टाकून बघा. आपण दिसतो का? दिसलो, तर नंबर आपलाच आहे का? आणि त्या नोंदीचा ईमेल कोणाच्या हातात आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आपल्या" असं येईपर्यंत स्वस्थ बसू नका.

चला, चुलीवर आधण ठेवायची वेळ झाली. येतो आम्ही. नमस्कार.