अहवालाखालची सही



बिद्रीचा रुग्ण तोंडातील न भरणारी जखम घेऊन कोल्हापूरला जातो, तेव्हा तुकडा काढणारे डॉक्टर त्याला भेटतात. त्या तुकड्यावर निर्णय देणारे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे आपले पॅथॉलॉजिस्ट, सहसा भेटत नाहीत. निपाणीची तंबाखूपेठ ज्यांना जवळ, त्यांनी तरी त्यांची ओळख ठेवावी.

एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे निवासी शिक्षण घेऊन ते घडतात. फॉर्मॅलिनमधील ऊतक नेमके कोठे कापावे, हे आधी हाताला शिकवावे लागते. सुरी भलत्या जागी चालली, तर कर्करोग मेणाच्या ठोकळ्यात येतच नाही आणि अहवाल निर्दोष निघतो! पुढे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप, त्यांचे रंजन, आणि वरिष्ठांसमवेत एकाच सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या असंख्य काचपट्ट्या. शस्त्रक्रिया चालू असता गोठविलेल्या तुकड्याचे उत्तर वीसेक मिनिटांत द्यावयाचे, तेही याच काळात शिकतात. केवळ ग्रंथ वाचून ही नजर येत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकरांना १९२३ साली ही एम.डी. लंडनहून घ्यावी लागली. आज ती महाराष्ट्रातच मिळते.

अहवालावर पदव्युत्तर विकृतिशास्त्रज्ञाचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणून सहीखालील पदवी वाचावी. शंका असल्यास ठोकळा व काचपट्टी मागून घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांस दाखवावी.