लोणंदची आजी

दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला असं आम्हाला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही लोणंदच्या आजीवर बोलतो.

आताच्या पोरांनी ती म्हातारीच पाहिली, ओसरीवर जात्याशेजारी बसलेली. आम्ही आजोबांचं बोट धरून गेलो तेव्हा ती चाळिशीच्या पुढची बाई होती आणि एका वेळी दोन तव्यांवर भाकरी टाकायची.

पूर्वी माऊलींची पालखी लोणंदला अडीच दिवस राहायची. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे करून निरेला यायचं, दत्तघाटावर पादुकांचं स्नान व्हायचं, की पुढं लोणंद. तोवर पाय सुजलेले असायचे. धोतरं धुवायची, फाटलेलं टाचायचं, ताप आलेल्याला निजवायचं, ते सगळं आजीच्या परड्यात. ना नात्याची ना गोत्याची. तिच्या सासऱ्यानं एका साली पावसात भिजलेल्या दिंडीला पडवी दिली होती, तेवढंच निमित्त. ती सून म्हणून त्या घरात आली तेव्हापासून नव्वदी ओलांडेपर्यंत तिची चूल आपल्यासाठी पेटली.

अक्षर येत नव्हतं, पण माणसं पाठ. दिंडी दारात आली की आधी विचारायची, "औंदा कोण आलं न्हाई?" अमका गेला म्हटलं की पदर डोळ्याला लावायची आणि लगेच, "मग त्याच्या मागं कोण चालतंय?" कोणी कांद्याला नको म्हटलं तर म्हणायची, "चातुर्मास एकादशीला लागतोय, लोणंदात न्हाई. गुमान खा." लोणंद म्हणजे कांद्याची पेठ, तिथं दुसरं काय ऐकायला मिळणार!

आता खरी गोष्ट. 1973 ची आषाढी. बहात्तरच्या दुष्काळानं माणूस पिचून गेलेला. पाऊस नुकता धरला होता, पण कोणाच्या कणगीत दाणा नाही. आपल्या थोरांनी ठरवलं, आजीच्या दारात थांबायचं नाही. त्या माऊलीला कशाला संकटात घालायचं? टाळ न वाजवता पुढं निघायचं. ही बाई आधीच रस्त्यावर उभी. विणेकऱ्यांच्या पाया पडली आणि उठेचना. काय करता? वळले सगळे परड्यात.

घरात रेशनची लाल ज्वारी होती, मिलो म्हणायचे तिला. तिच्या भाकरी आणि वर पातळ पिठलं.

तेव्हा आपल्या दिंडीत दोन चुली असायच्या. हे आज सांगायला जड जातं, पण सांगितलं पाहिजे. आपल्याच गावची, गावकुसाबाहेरची चार-पाच माणसं दिंडीच्या मागं चालायची आणि झाडाखाली वेगळं शिजवून खायची. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपास केला होता. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आपली पंगत तशीच होती. आजी त्या झाडाखाली गेली. त्यांची तीन दगडांची चूल पायानं सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोन चुलींला जळान न्हाई माझ्याकडं. एका पंगतीला बसा, न्हाईतर उपाशी निजा."

जळण होतं. तिच्या गोठ्यामागं तुराट्यांचा हारा आम्ही डोळ्यानं पाहिला. तेरा वर्षांचे होतो, तोंड उघडणार होतो, तर आजोबांनी चिमटा काढला.

दोघं-तिघं ताटावरून उठले. आजीनं त्यांची मनधरणी केली नाही. बाकीचे बसले. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, पुढं तरडगावला मुक्काम पडला, तिथंही चूल एकच पेटली. ती आजतागायत एकच आहे. आम्ही कीर्तनात तास-तास समता सांगतो. तिनं ती जळणाच्या नावावर आणून दाखवली.

दिंडीच्या वहीत त्या साली काय लिहिलंय? "लोणंद मुक्कामी जळणाअभावी स्वयंपाक एकत्र." एवढंच. म्हणून या ग्रंथाच्या मंडळींना विनंती, वहीतली ती ओळ छापा आणि खाली खरं काय घडलं तेही छापा. वहीत बाईचं नाव कुठंच नाही, देणगीच्या यादीतसुद्धा तिच्या घरच्या पुरुषांचीच नावं आहेत.

आजी आषाढीला पंढरपूरला कधीच गेली नाही. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही येणार आन् मी तिकडं? तव्याम्होरं कोण बसंल?" कार्तिकीला एसटीनं जाऊन यायची. आषाढीला आपल्या हाती तुळशीची माळ द्यायची. पंढरपूरपर्यंत तिची काडी व्हायची, तरी आपण ती नामदेव पायरीवर ठेवत आलो.

2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं गेल्या. आजीनं फोन करायला लावला, "किती माणसं?" कोणीच नाही म्हटल्यावर बराच वेळ बोलली नाही. दळून ठेवलेलं पीठ तिनं शाळेत अलग ठेवलेल्या माणसांना पाठवलं.

मागल्या माघात ती गेली. घरात वाटण्या झाल्या, परडं उरलं नाही. काहींचं म्हणणं, आता मंगल कार्यालय घ्यावं. तंबू कुठंही मारा, आमची हरकत नाही. पण संध्याकाळचा हरिपाठ आणि एक पंगत तिच्या दारात व्हावी. परवा तिच्या नातसुनेचा फोन आला होता. किती माणसं येणार, विचारत होती. विणेकरी बुवा, आकडा तुम्ही सांगायचा आहे.