एका सतरंजीपुरती जागा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'घरच्या घरी रोज योगासनं'. संयोजक मैत्रिणींना तो सोपा वाटला असणार. चार आसनं दाखवायची, फायदे सांगायचे, झालं. पण गेली बावीस वर्षं मी चाळींमधल्या, वस्त्यांमधल्या आणि आता फ्लॅटमधल्याही बायकांना आसनं शिकवते आहे. आसन शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात. तेच आसन बाईच्या दिवसात बसवायला कधी कधी वर्ष जातं. म्हणून आज मी आसनांबद्दल थोडं आणि त्या वर्षाबद्दल जास्त बोलणार आहे.

योगाचं कुठलंही पुस्तक उघडा. पहाटे उठावं, प्रातर्विधी आटोपावेत, हवेशीर, एकांत जागी बसावं. सल्ला चुकीचा नाही. पण ज्याचा चहा दुसरं कुणीतरी करतं, त्याच्यासाठी तो लिहिलाय. आमच्या भागात पहाटे पाचला पाणी येतं आणि साडेसहाला जातं. तेवढ्यात पिंप भरायचं, कपडे भिजवायचे, डबे करायचे, मुलांना उठवायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण झोपलेले. त्यात एकांत कुठून आणायचा? मग बाई चार दिवस पहाटे उठते, पाचव्या दिवशी सोडते आणि वर स्वतःलाच बोल लावते, 'माझ्यात चिकाटीच नाही.' जी बाई वीस वर्षं एक दिवस न चुकता स्वयंपाक करते, तिच्यात चिकाटी नाही! हे तिला कुणी पटवलं, याचा विचार करा.

केंद्र सरकारनं २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषांची ८८. आणि हे ८८ सगळ्या पुरुषांचे नाहीत, घरात काहीतरी काम करणाऱ्या पुरुषांचे आहेत. फरक २०१ मिनिटांचा. मी तुम्हाला त्यातली वीस मागायला सांगते आहे. एक दशांशसुद्धा पुरते नाहीत.

बायकांनी योग करणं ही काही आजची टूम नाही. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली खास बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही सूर्यनमस्कार घालायला लावले. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी तर पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ अशा बाईच्या एकेका टप्प्याला कुठली आसनं, याची बारकाईनं मांडणी केली. म्हणजे वाट मळलेली आहे. अडतं ते उंबऱ्याच्या आत.

तर पहिली गोष्ट वेळ. पहाटेचा हट्ट सोडा. आसनांना पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास गेलेले हवेत, एवढीच खरी अट. साडेबाराला जेवत असाल तर चार वाजता, दुपारच्या चहाच्या आधी, ही अट आपोआप पाळली जाते. मुलं शाळेत, पुरुष कामावर, म्हातारी माणसं लवंडलेली. माझ्या निम्म्याहून जास्त विद्यार्थिनी चारलाच करतात. ज्या नोकरी करतात त्यांना संध्याकाळी घरात पाय ठेवल्यावर लगेच, हातपाय धुतल्या धुतल्या, जमतं. एकदा ओट्याशी गेलात की संपलं. घड्याळाकडे पाहून ठरवू नका, रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला जोडून ठरवा. 'दुपारची भांडी पालथी घातली की सतरंजी.' सवय अशी लागते. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असं दिसलं. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात आढळलं. तेव्हा पाहुणे आले, पोर तापलं, दिवाळी आली, खाडा पडला, तर पडू द्या. दुसऱ्या दिवशी भांडी पालथी घालायचीच आहेत.

दुसरी गोष्ट जागा. आसनाला लागते एका सतरंजीपुरती जमीन, सहा फूट बाय अडीच. महागडी रबरी चटई घ्यायची गरज नाही. चौपदरी सतरंजी, वर जुनी सुती साडी. मात्र ती रोज त्याच जागी पसरा. घरात मुलाच्या अभ्यासाची जागा ठरलेली असते, सासऱ्यांची खुर्ची ठरलेली असते, देवाचा कोपरा ठरलेला असतो. बाईची जागा कुठली विचारलं तर सगळे ओट्याकडे बोट दाखवतात. ती सतरंजी म्हणजे घरातला तुमचा पहिला कोपरा, वीस मिनिटांपुरता का होईना.

आता दार. चाळीत दुपारी दार लावलं की शेजारीण विचारते, 'काय गं, बरं नाही का?' बाईनं धडधाकट असताना दार लावायचं म्हणजे संशयच. यावर आमच्या एका मैत्रिणीनं छान तोडगा काढला. तिनं शेजारणीलाच आत घेतलं. मग तिसरी आली. आज त्या चौघी चार वाजता दार लावतात आणि कुणी काही विचारत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे घरात सांगणं. विचारणं नव्हे, सांगणं. 'मी करू का?' असं विचारलं की उत्तर देण्याचा हक्क समोरच्याकडे जातो. 'चार ते चार वीस मी उठणार नाही' एवढं साधं वाक्य, आवाज न चढवता. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची कामं नेमकी चारलाच निघतील. लेक अंगावर चढेल, चालेल, त्याला शेजारी झोपवा. सासूबाई म्हणतील, 'आमच्या वेळी नव्हती ही थेरं.' त्यांना म्हणा, 'आई, तुम्हीही बसा, खुर्चीवर बसून हात वर करा.' मी गंमत करत नाही. अशा तीन सासवा माझ्या वर्गात आल्या, आणि एकीची तर सून अजून आलेली नाही!

एका गोष्टीचा मला राग येतो, तो बोलूनच टाकते. नवरा खूश होऊन परवानगी देतो, कारण 'बारीक होशील'. मासिकांमधले फोटोही तसेच, सपाट पोटाच्या मुलींचे. या वीस मिनिटांनी वजन फारसं उतरणार नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ज्यांना फक्त त्यासाठी यायचंय त्या महिन्यात कंटाळतात. ज्या पाठ दुखते म्हणून, झोप येत नाही म्हणून, किंवा नुसतं गप्प पडून राहायला मिळतं म्हणून येतात, त्या टिकतात.

करायचं काय? आपण दिवसभर पुढे वाकलेल्या असतो. ओट्यावर, भांड्यांवर, शिलाई मशीनवर, कॉम्प्युटरवर. म्हणून आधी उताणं पडा, दोन मिनिटं काहीच करू नका. मग एकेक गुडघा पोटाशी घ्या, ते पवनमुक्तासन. पाय दुमडून कंबर हळूच उचला, सेतुबंधासन. हातागुडघ्यांवर या आणि मांजर आळस देते तशी पाठ वर-खाली करा, मार्जारासन. पालथं पडून छाती थोडीशी उचला, भुजंगासन, बेंबी जमिनीलाच राहू द्या. उभ्या राहून ताडासनात हात वर ताणा. श्वास कुठेही कोंडू नका, विशेषतः ज्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं त्यांनी. शेवटची पाच मिनिटं शवासन, आणि ती कापायची नाहीत. बायका नेमकं तेच कापतात. 'नुसतं पडायचंच आहे ना, तेवढ्यात कणीक मळून होईल.'

मंत्र म्हणावा का, असं आमच्या मुसलमान मैत्रिणी विचारतात. ज्यांना हवा त्यांनी म्हणावा. श्वासाला एक ते दहा आकडे पुरतात. एक बौद्ध मैत्रीण म्हणाली, 'आम्ही आनापान करतो तेच की हे.' श्वासावर कुणाचा ताबा नाही.

पाळीत करावं का? थकवा असेल तर आराम करा. पाठीखाली उशी घेऊन, तळपाय जुळवून पडा, बरं वाटतं. खाली डोकं वर पाय करू नका, असं बहुतेक शिक्षक सांगतात आणि ते पाळायला हरकत नाही. पण 'शिवायचं नाही' म्हणून सतरंजी कोपऱ्यात ठेवणार असाल, तर ते मला मंजूर नाही.

आता आवाज जरा खाली आणून बोलते. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, अशा इथे कितीजणी असतील? हात वर करू नका, मला माहीत आहे. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता जड कामाला लागलेल्या बायकांमध्ये हे फार आढळतं. कित्येकींचं अंग बाहेर येतं आणि त्या वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. टीव्हीवर पाहून जोरजोरात कपालभाती करणं किंवा दोन्ही पाय एकदम वर उचलणं त्यांनी करू नये, कारण ओटीपोटावर दाब येतो. त्यांनी आधी डॉक्टर बाईंना दाखवावं. आणि हे करावं: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाचपर्यंत मोजायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं, असं दहादा. श्वास चालू ठेवायचा, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली अमेरिकेत हा व्यायाम मांडला. आपल्या हठयोगातला मूलबंध याच भागाशी संबंधित आहे, त्याचा हेतू वेगळा होता एवढंच. याला सतरंजीही लागत नाही, बसच्या रांगेत उभ्या उभ्या होतो. दोन-तीन महिने नेटानं केला तर पुष्कळजणींना फरक पडतो. ज्यांचं सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटावर ताण देऊ नये.

आणि योगानं काय होत नाही तेही सांगते, कारण हल्ली २१ जूनला मैदानात सतरंज्या अंथरल्या की सगळं बरं होतं असं बोललं जातं. शवासनानं हिमोग्लोबिन वाढत नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यांना लोहाच्या गोळ्या हव्यात, पोटभर आणि वेळेवर जेवण हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नको. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला 'अनुलोमविलोम कर, मन शांत होईल' असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. तिचं मन अशांत आहे ते बरोबरच आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, वकील हवा, आपण हव्या. अशी कुणी इथे असेल तर कार्यक्रमानंतर मला नुसतं भेटा, काही बोलायची गरज नाही.

माझी वेळ संपत आली असं मागून खुणावताहेत. भाषण थांबवते. मागच्या भिंतीशी बारा सतरंज्या ठेवल्या आहेत, दोघीदोघींनी एक घ्या आणि खुर्च्या कडेला सारा. साडी असेल तर पदर खोचा, निऱ्या सोडायची गरज नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर मैत्रिणींनी माझ्या डाव्या हाताला या. चहावाल्याला मी वीस मिनिटं थांबायला सांगितलंय.