वाडी उठवायची तर अख्खी उठवा

(पोलादपूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय 'आपत्ती आणि मानसिक आरोग्य'. विषय मोठा आहे. पण मी आज एकच मागणी घेऊन आले आहे, ती आधीच सांगून टाकते. दरडीखालची वाडी उठवायची वेळ आली तर ती अख्खी उठवा. शेजाऱ्याला शेजारी राहू द्या. घरांसाठी चिठ्ठ्या टाकू नका.

2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून काय झालं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या गावांतली माणसं या सभागृहात बसली आहेत. 22 जुलै 2021 चंही तेच. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. तळीयेची कोंडाळकरवाडी गेली, 80 हून अधिक माणसं गेली. आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला, आणि खाली सावित्री-गांधारीने महाड बुडवलं. पुढे 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात इर्शाळवाडी. असो, तपशील तुम्हाला पाठ आहेत.

मला बोलायचंय पंचनाम्याबद्दल. पंचनाम्यात भिंतींना रकाना असतो, गुरांना असतो, भांड्याकुंड्यांनाही असतो. रोज संध्याकाळी ज्याच्या ओटीवर आपण टेकायचो तो शेजारी आता चार गावं पलीकडे राहायला गेला, त्याला रकाना नाही. आणि माणूस खचतो तो पुष्कळदा तिथे खचतो.

जपानमधल्या कोबे शहराचं उदाहरण बघा. 17 जानेवारी 1995 ला तिथे भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारने तात्पुरती घरं झपाट्याने उभी केली आणि सोडत काढून वाटली. म्हाताऱ्यांना आधी घर मिळावं म्हणून त्यांना अग्रक्रमही दिला. हेतू चांगलाच होता. पण जुनी गल्ली विखुरली, ओळखीचं कोणी जवळ उरलं नाही, आणि त्या तात्पुरत्या वसाहतींत 200 हून अधिक माणसं एकटी, दाराआड मरून पडलेली सापडली. डोक्यावर छप्पर होतं, बरं का! जपानी त्यातून शिकले. 2004 मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी या डोंगरी गावातल्या वस्त्या त्यांनी एकेक करून, शेजार न मोडता हलवल्या. यामाकोशी म्हणजे डोंगरउतारावरची भातखाचरं आणि विखुरलेल्या वाड्या. आपलंच गाव म्हणा ना.

आता एक अनुभव सांगते, दोन मिनिटांत. 2021 मध्ये दरडीच्या भीतीने खाली आणलेली एक वाडी शाळेत राहत होती. वाडीचं नाव घेत नाही. तिथे एक पखवाजी होते, साठी उलटलेले. त्यांचा भाऊ गेला होता. ते भिंतीला पाठ लावून बसायचे, ताट समोर ठेवलं तर दोन घास घ्यायचे, बोलायचे नाहीत. बाहेरून समुपदेशक आले. भले लोक, पोटतिडकीने आलेले. त्यांनी विचारलं, झोप लागते का, स्वप्नं पडतात का. हे नुसती मान हलवत राहिले.

पुढची एकादशी आली. बायका म्हणाल्या, भजन चुकवायचं नाही. शेजारच्या वाडीतून पखवाज आणला आणि एक पोरगा वाजवायला बसला. आता पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो धुमत नाही. पोराने लावलीच नव्हती. पखवाज नुसता पत्र्यासारखा वाजायला लागला. अभंगाचं एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, कणीक लाव त्याला." कितीतरी दिवसांनी ते बोलले होते! मदतीत आलेली गव्हाच्या पिठाची पोती तशीच पडून होती. आपण तांदळाच्या भाकरीची माणसं, ते पीठ कोण खाणार! (हशा) त्यातलं एक पोतं फोडलं. वहिनी मळायला बसल्या, तर हे म्हणाले, "सैल नको गं." मग स्वतः उठले, गोळा पुडीवर थापला, अंगठ्याने कडेकडेने दाबत नेला, थाप मारून बघितली, थोडी कणीक काढली, परत थाप मारली. सगळी वाडी त्या हातांकडे बघत होती. मग वाजवायला बसले. मध्येच थांबले आणि भावाचं बोलायला लागले, ते रात्र सरेपर्यंत. ऐकणारे कोण होते? त्या भावाबरोबर ज्यांनी लावणी केली, ज्यांनी त्याच्या लग्नात पंगती वाढल्या, तेच. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

डॉक्टर नकोत असं मी म्हणतेय, असा अर्थ कृपा करून काढू नका. त्या पखवाजींची झोप पुढेही उडालेलीच होती, आणि त्यांना महाडला डॉक्टरांकडे घेऊन गेले ते हेच शेजारी. गोळ्या वेळेवर घेतल्यात की नाही, हेही समोरच्या घरातली सून बघायची. ती सून समोर राहिली नसती तर?

(श्रोत्यांतून : "बाई, हीच गावकी वाळीतही टाकते!")

बरोबर बोललात. बसा, बसा, मी टाळणार नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 चा कायदा करावा लागला, त्यामागे आपल्या रायगड जिल्ह्यातली प्रकरणं किती होती ते मला ठाऊक आहे. आणि ज्या महाडात 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथून हाकेच्या अंतरावर उभं राहून मी गावाचे नुसते गोडवे गाईन? वाळीत टाकणं म्हणजे माणसाचं बोलणं, बसणं, अंत्यविधीचा खांदासुद्धा काढून घेणं. माणूस त्याने उद्ध्वस्त होतो, हे त्या टाकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते ही शिक्षा निवडतात. ज्या बैठकीत बायकांना जागा नाही, बौद्धवाडी आणि आदिवासीवाडी बोलावलीच जात नाही, ती बैठक मला नकोय. मी शेजाराची बाजू घेऊन उभी आहे, पंचांची नाही. (टाळ्या)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. अध्यक्षमहाराज, सप्ताहात तुम्ही पहाटेपर्यंत टाळ सोडत नाही, आजच घाई! (हशा) बरं. मुंबईच्या गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांबद्दल बोलायचं होतं. एका गावचे पंचवीस-तीस चाकरमानी एका खोलीत पाळ्यांनी झोपायचे, आजारी पडला त्याच्या उशाशी कोणीतरी असायचं. आता त्यांची मुलं विरार, नालासोपारा, दिव्याला बंद दाराआड राहतात. विन्हेऱ्याची झोलाई छबिन्याला महाडच्या वीरेश्वराच्या भेटीला येते तेव्हा तीच मुलं रजा टाकून का धावत येतात, तेही सांगायचं होतं. राहू दे.

कामाचं सांगते. 1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा येतातच. त्या येण्याआधी ठराव करून घ्या. पुनर्वसन वाडीनिहाय व्हावं, घरांचा क्रम वाडीने बसून ठरवावा आणि त्या बैठकीत बायका असाव्यात. नकाशात घरांच्या आधी पालखीची सहाण, भजनाची ओसरी आणि बायकांना बसायला सावलीची जागा आखलेली असावी. घराबरोबर ही जागाही मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नका. आणि एक वही घाला : वाडीत एकटं कोण राहतं, त्याच्याकडे रोज कोण डोकावणार. रात्री-अपरात्री कोणाचं फारच बिनसलं तर 14416 हा सरकारचा 'टेली-मानस' क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तोही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, पन्नास प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांची वाडी डोंगराखाली आहे त्यांनी आधी घ्या.