पांझरेकाठी आपलं स्वागत

अध्यक्ष महोदय, हृदयरोगतज्ज्ञ, जनुकशास्त्रज्ञ, प्रशिक्षक आणि खेळाडू मित्रहो,

 धुळ्याच्या जुन्या शहरातले रस्ते इतके सरळ कसे, असं काल एका पाहुण्यांनी विचारलं. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने ही पेठ आखली. ती शिस्त रहदारीत मात्र उतरली नाही. विश्वेश्वरय्यांनी उमेदवारीच्या काळात पांझरा नदीच्या खोऱ्यात सायफन बांधला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच वारले. विनोबांनी गीतेवरची प्रवचनं इथल्या तुरुंगात दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ही नावं आपल्याला ठाऊक असतात. नानासाहेब देव ठाऊक नसतात, याची मला खंत आहे.

नानासाहेब म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव, पेशाने वकील. १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली. डोमगावची, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनीच छापली. ती बाडं इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. उद्या पहाटे ती पाहायला बस काढली आहे. एखादं सत्र बुडालं तरी चालेल, अध्यक्षांनी हे ऐकलं नाही असं समजतो.

याचा आपल्या विषयाशी, खेळाडूंच्या जाड झालेल्या हृदयस्नायूशी, संबंध काय? डॉक्टरांनी मला समजावलं ते असं : दुसरं कारण नसताना हृदयाचा स्नायू जाड होतो, त्या आजारामागे अनेकदा जनुकातला दोष असतो. त्यातल्या एका जनुकातून २५ अक्षरं गळाल्याचं भारतीयांत सुमारे शंभरात चौघांत आढळतं, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे बाडं उतरणाऱ्या नकलनविसाची चूकच की! पण अक्षरं गळालेल्या प्रत्येकाला आजार होत नाही आणि चाचणी निर्दोष आली म्हणून धोका टळला असंही नाही. हृदयाची भिंत १५ मिलिमीटर झाली तर आजाराचा संशय पक्का. तेरा-चौदा असली की तो आजार की कसरतीचा परिणाम, यावर आपण भांडावं. आमच्या तालमीतल्या पोराला मात्र नुसत्या कागदावरून घरी बसवू नका, एवढी विनंती.

आता क्षमायाचना आणि आभार. मंगल कार्यालयात लग्नाची तिथी आहे, म्हणून काहींची सोय वसतिगृहात केली. गरम पाणी सहापर्यंतच. उकाडा आमच्या हातात नाही, कूलर भाड्याचे आहेत. शेवभाजी सौम्य करायला सांगितलं होतं. आचाऱ्याने ऐकलं नाही. भरितासोबतच्या कळण्याच्या भाकरीसाठी दाणाबाजारातल्या व्यापाऱ्यांनी धान्य दिलं, कापड दुकानदारांनी पिशव्या, सराफांनी स्मृतिचिन्हं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चार रात्रींची झोप. मंडपवाल्यांनी बिल अजून दिलेलं नाही, त्यांचे विशेष आभार. जेवणाची कुपनं पिशवीत आहेत. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी सरळ पंगतीत बसावं.