काठ, पदर आणि ऑइलपेंट

श्रोतेहो,

जुन्नर-आंबेगावात गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार निघालेत. आनंद आहे. पण कमिटीतली शिकलेली पोरं म्हणतात, 'देऊळ कसं ऑर्नेट दिसलं पाहिजे!' आणि दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचे डबे हजर. मला बोलायचंय ते या डब्यांबद्दल.

लेण्याद्रीला तुम्ही सगळेच जाता. पण गिरिजात्मजाचं दर्शन झालं की शेजारच्या सहाव्या लेण्यात, त्या चैत्यगृहात, डोकावता का? तिथले खांब बघा. तळाशी घट, माथ्यावर बसलेले हत्ती नि वाघ-सिंह. मधलं अंग मात्र नुसतं अष्टकोनी, कोरं. नऊवारी लुगडंच म्हणा की! काठ-पदर भरलेला, अंग साधं. अंग साधं म्हणून तर काठ उठून दिसतो. सगळ्या लुगड्याला काठच विणला तर नेसणारीला पेलेल का ते? गणपतीच्या सातव्या लेण्यात तर एवढ्या थोरल्या दालनात एक खांब नाही. ते बिनकाठाचं लुगडं, पण विणीत खोट काढून दाखवा!

आता कुणी म्हणेल, मग पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ? तिथं तर कोरीव कामाची लयलूट आहे. आहेच. ती पैठणी. पण रंग एकच, काळ्या दगडाचा. छिन्नीनं कुठं खोल, कुठं उथळ घेतलेलं असतं. तिरपं ऊन आलं की सावली धरते, आणि त्या सावलीनंच यक्षाचं पोट गोल दिसतं. अशा कामावर रंगाचे दोन हात चढवले की खाचा बुजल्या. पैठणीचा पदर चुन्यात बुडवून वाळत घालाल का तुम्ही?

पुन्हा सांगतो, कोरीव दगडाला ऑइलपेंट नको. दिसण्याचं सोडा. आपल्याकडचा पाऊस दगडात मुरतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वर रंगाचा थर बसला की ओल आतच कोंडते आणि मग पापुद्रे सुटतात. भक्तीनं केलंत हे कबूल, पण दगडाला काय त्याचं?

आणि ज्यांनी आधीच फासलाय, त्यांनी तो काढायला वाळूचा फवारा मारू नका. रंगाबरोबर देवाचं नाकही जातं. आधी पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना बोलवा, एका कोपऱ्यात थोडंसं काढून... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. टाइल्सबद्दल बोलायचं राहिलंच.